पदवीस्तरावरील व्यवस्थापन महाविद्यालये : लौकिक आणि प्रतिष्ठा

तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारू या कावेरी खोऱ्यातील गावांतून तुम्ही प्रवास केलात, तर रस्त्याच्या कडेला एक पाटी वारंवार दिसेल : ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’. आता ही पाटी तमिळनाडूच्या जवळजवळ प्रत्येक महामार्गावर लागते. यातील ‘डिग्री’ शब्दाचा एक अर्थ असा सांगितला जातो की दूध शुद्ध आहे की नाही हे दुग्धमापकावरील अंशांवरून पाहत, आणि त्या दुधाची कॉफी ती डिग्री कॉफी. आज पाटी लावणाऱ्यांपैकी किती जण दूध मोजतात, हा प्रश्न बाजूला ठेवू. नाव आधी गुणावरून मिळते आणि नंतर नावच विकले जाते, एवढे येथे लक्षात घ्यायचे. आपला विषय कॉफी नसून दुसरी डिग्री आहे, पण गोष्ट फारशी वेगळी नाही.

या पाठात आपण दोन शब्द वेगळे ठेवणार आहोत. ज्यांचा संस्थेशी प्रत्यक्ष संबंध आला, त्या विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या अनुभवातून साठत जातो तो लौकिक. प्रतिष्ठा म्हणजे समाजाच्या उतरंडीत संस्थेला मिळालेली जागा. ती बरीचशी दुर्मीळपणातून येते : किती जणांना आत घेतले यापेक्षा किती जणांना परत पाठवले यावर ती ठरते. दोन्ही एकत्र असू शकतात, पण त्या एकच नव्हेत.

कुंभकोणमचेच उदाहरण घ्या. तेथील शासकीय महाविद्यालयाची सुरुवात १८५४ साली शाळा म्हणून झाली. कावेरीच्या काठी वसलेल्या या संस्थेला पुढे लोक ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ म्हणू लागले. ती शिक्षकांची कमाई होती. केंब्रिजमध्ये शिकलेले प्राचार्य पोर्टर आणि त्यांचे सहकारी, तंजावरच्या मराठी घराण्यातील गोपाळराव, या दोघांची नावे गावाने सभागृहाला आणि ग्रंथालयाला देऊन जपली. हा झाला लौकिक. पुढे १९०४ मध्ये श्रीनिवास रामानुजन शिष्यवृत्ती घेऊन याच महाविद्यालयात आले. गणितापुढे त्यांनी बाकीचे विषय बाजूला टाकले, इंग्रजीत नापास झाले, शिष्यवृत्ती गेली आणि १९०५ मध्ये त्यांनी महाविद्यालय सोडले. तरीही आज महाविद्यालयाचे मोठेपण सांगताना पहिले नाव रामानुजन यांचेच येते. ज्या विद्यार्थ्याला संस्था सांभाळू शकली नाही, त्याचे यशही तिच्या खात्यात जमा होते. प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांची यादी वाचताना हे विसरू नका.

आता व्यवसाय शिक्षणाकडे वळू. पदवीस्तरावर हा विषय शिकवणारी अमेरिकेतील व्हॉर्टन ही संस्था १८८१ ची. आपल्याकडे मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यानंतर बराच काळ वाणिज्य शाखा म्हणजे हिशेबनीस आणि बँकेतील नोकर घडवणारी शाखा, असाच समज होता. उदारीकरणानंतर चित्र पालटले. २०११ साली दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बारावीला वाणिज्य न घेतलेल्यांसाठी पहिल्या यादीत १०० टक्क्यांची मर्यादा लावली आणि देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी आयआयएम इंदूरने बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला. आयआयएमची पाटी तोवर पदवीनंतरच मिळत असे. आता ती सतराव्या-अठराव्या वर्षीच खुणावू लागली.

त्रिभुज प्रदेशातील विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ काय? तंजावरपासून साधारण साठ किलोमीटरवर तिरुचिरापल्लीत आयआयएम आहे (स्थापना २०११) आणि १९८४ पासूनची भारतीदासन व्यवस्थापन संस्थाही आहे. पण या दोघींची ओळख पदव्युत्तर शिक्षणासाठी. बारावीनंतर व्यवस्थापन शिकायचे तर जवळचे बीबीए किंवा बी.कॉम., नाहीतर चेन्नई, बंगळुरू, मुंबईची वाट. जवळचे म्हणजे कमी, असे घरात गृहीत धरले जाते. ते तपासून पाहू.

नोकरी देणारे संस्थेच्या नावाकडे का पाहतात? शासनाच्या थेट भात खरेदी केंद्रावर काय होते ते पाहा. कुरुवै हंगामाचे भात घेऊन शेतकरी रांगेत उभा राहतो. केंद्रावर ओलावामापक असतो. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा, हा नियम. भात कोणाच्या शेतातले, हे विचारायची गरज पडत नाही, कारण हवा तो गुण मिनिटभरात मोजता येतो. बावीस वर्षांच्या पदवीधराची चिकाटी, समज, सचोटी मोजणारे असे यंत्र नाही. म्हणून कंपनी त्याऐवजी दुसरी खूण शोधते : हा मुलगा कोणत्या चाळणीतून गेला? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हा विचार ‘संकेत’ या संकल्पनेतून मांडला. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यांच्या मांडणीचा बोचरा भाग असा की शिक्षणाने कौशल्यात काहीच भर पडली नाही तरी संकेत काम करू शकतो. अट एवढीच की तो मिळवणे कमी कुवतीच्या माणसाला जास्त महाग पडले पाहिजे.

मग फरक कोण पाडते, चाळणी की शिकवणी? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील असे विद्यार्थी तुलनेला घेतले, ज्यांना सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांनी स्वीकारले किंवा नाकारले होते, पण ज्यांनी निवड वेगवेगळी केली. पुढील कमाईत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. अपवाद गरीब घरातील विद्यार्थ्यांचा. त्यांना निवडक महाविद्यालयाचा फायदा झाला. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासानेही अतिनिवडक महाविद्यालयांमुळे सरासरी कमाई फारशी वाढत नाही असेच दाखवले. मात्र अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची आणि नामांकित कंपनीत शिरण्याची शक्यता बरीच वाढते. हे निष्कर्ष अमेरिकेचे आहेत, जसेच्या तसे येथे लावू नयेत. पण दिशा विचार करण्यासारखी आहे. ज्याच्या घरी ओळखी आहेत, त्याला पाटी थोडेच देते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती ओळखींची जागा भरून देते. गंमत अशी की सर्वांत जास्त कर्ज आणि सर्वांत जास्त भीतीही त्याच विद्यार्थ्याच्या वाट्याला येते.

भारतात ही उतरंड आता सरकारी आकड्यांतही उतरली आहे. एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिच्या पाच निकषांपैकी एक आहे ‘जनमानसातील प्रतिमा’, म्हणजे नावामुळे गुण आणि गुणांमुळे पुन्हा नाव. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने या क्रमवारीला थेट पैशाशी जोडले : तारण आणि जामीनदार नसलेले कर्ज कोणत्या संस्थांतील विद्यार्थ्यांना मिळेल, हे मुख्यतः तिच्यावरून ठरते. दोन-तीन एकर सांबा भातावर चालणाऱ्या घरासाठी क्रमवारीतील स्थान हा अभिमानाचा विषय राहत नाही, तो जमीन गहाण पडेल की नाही याचा विषय होतो. म्हणून प्रवेशापूर्वी संस्था त्या योजनेच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. शिवाय २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आहेत; ती मान्यताही तपासा. मान्यता म्हणजे प्रतिष्ठा नव्हे, पण ती नसेल तर पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

राहता राहिला माहितीपुस्तिकेतला वेतनाचा आकडा. एक काल्पनिक वर्ग घ्या : दहा विद्यार्थी. एकाला ३० लाखांची नोकरी, दोघांना ६ लाखांची, पाच जणांना ४ लाखांची आणि दोघांना काहीच नाही. पुस्तिकेत ‘सर्वोच्च वेतन ३० लाख’ ठळक अक्षरांत असेल. ‘सरासरी ७.७५ लाख’ असेल, कारण भागाकार नोकरी मिळालेल्या आठ जणांनीच केला. दहांनी भागले तर तीच सरासरी ६.२ लाख होते. आणि क्रमाने उभे केल्यास मधल्या विद्यार्थ्याचे वेतन, म्हणजे मध्यक, ४ लाख. हे सर्व आकडे खरेच आहेत. तुम्ही संस्थेत जाल तेव्हा मध्यक विचारा, भागाकार किती जणांनी केला ते विचारा, आणि नोकरीच्या फेरीत न बसलेले विद्यार्थी कुठे मोजले तेही विचारा. नामांकित संस्थेतही विचारा, आणि तंजावरच्या १९५५ पासूनच्या राजा सरफोजी शासकीय महाविद्यालयातही. तेथील शुल्क खासगी संस्थेच्या तुलनेत इतके कमी आहे की वरच्या उदाहरणातील ४ लाखांचा मुलगा पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवू शकतो.