सिरॅमिक ब्रेक महाग का, आणि स्वस्त कसे होतील?

गॅरेजमध्ये ‘सिरॅमिक पॅड’ मिळतात ना, मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. त्यांत पॅडच्या मिश्रणात सिरॅमिकचे तंतू असतात. डिस्क साधी बिडाचीच राहते. आजचा विषय आहे अख्खी सिरॅमिक डिस्क. २००१मध्ये पोर्शेने ९११ जीटी२ला ती दिली. वजन बिडाच्या डिस्कच्या साधारण निम्मं आणि झीज खूपच कमी. मग आपल्या गाड्यांना का नाही? किंमत!

बघा, कपबशी पडली की फुटते. नुसत्या सिरॅमिकची डिस्कही तशीच तडकेल. म्हणून कुडाची भिंत लिंपताना मातीत भुसा मिसळतात, तसे इथे कार्बनचे तंतू घालतात. तडा तंतूपाशी अडतो.

आता कृती. तंतू आणि फिनॉलिक राळ साच्यात दाबायची. मग हवा नसलेल्या भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं. राळेचा कार्बन होतो, बारीक भेगा पडतात. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं आणि वातीत तेल चढावं तसं त्या भेगांमध्ये शिरतं. तिथे कार्बनशी त्याचा संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड बनतं. ते इतकं कठीण, की घासायला हिऱ्याची हत्यारं लागतात.

म्हणजे पैसा जातो तो तंतू, दोनदा पेटवलेली भट्टी आणि हिरा यांत. स्वस्ताई आणायची तर इथेच. विणलेल्या कापडाऐवजी तुकडे केलेले तंतू वापरायचे. साच्यातूनच जवळपास अंतिम आकार काढायचा, म्हणजे घासकाम कमी. वायूतून सिरॅमिकचा थर चढवायची जुनी पद्धत आठवडे घेते. वितळलेलं सिलिकॉन ते काम फार लवकर उरकतं.

दुसरी वाट मला जास्त व्यवहारी वाटते: जिथे घासतं तिथेच कठीण थर द्या. २०१७मध्ये पोर्शेनेच बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा सुमारे ०.१ मिलिमीटरचा थर दिला. वजन कमी होत नाही, पण झीज आणि धूळ दोन्ही घटतात.

आणि खरा मुद्दा धुळीचाच आहे. डिस्क-पॅड झिजतात म्हणजे ते हवेत जातात. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा घातली आहे. पेट्रोल-डिझेल कारसाठी किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. त्यामुळे न झिजणारी स्वस्त डिस्क ही आता फक्त शर्यतवाल्यांची हौस राहिलेली नाही. सिग्नलला कारच्या मागे स्कूटरवर थांबणाऱ्याच्या फुप्फुसांचाही तो प्रश्न आहे.