अक्षरांवांचून लेख : नांदेड-लातूरकडील वीरगळ

इ. स. १७६० मधील उदगीरच्या मोहिमेची हकीकत जाणावयाची तर तत्कालीन पत्रें उपलब्ध आहेत. परंतु त्याच प्रांतांत गांवोगांवीं, देवळाच्या आवारांत किंवा वेशीपाशीं, जे वीरगळ उभे दिसतात त्यांतील वीरांविषयीं सहसा कागद मिळत नाहीं. पुष्कळांवर अक्षरही नसतें. म्हणून संग्राहक त्यांस ओलांडून ताम्रपटाच्या शोधार्थ पुढें जातात. हे दगड कसे वाचावे तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘वीरगळ’ हा शब्द कानडी ‘वीरगल्लु’ यावरून आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. याचें वाचन खालून वर करावयाचें. तळच्या कप्प्यांत वीराचें युद्ध वा मरण असतें. तेथें गाई कोरल्या असल्या तर तो गोग्रहणाचा प्रसंग, म्हणजे गांवचीं गुरें सोडवितांना आलेलें मरण, असें समजावें. त्यावरील कप्प्यांत अप्सरा त्यास स्वर्गीं नेतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. माथ्यावरील चंद्रसूर्य ही कीर्ति आचंद्रार्क टिकावी असें सुचवितात. क्वचित् कोपरांत वांकलेला, बांगड्या भरलेला हात दिसतो. ती सतीची खूण. त्या घरांत मरणें दोन झालीं, एवढें तो हात सांगतो.

वीराचें नांव मात्र दगडावर नाहीं. तें शोधण्यास मार्ग एकच : दगड कोणत्या शिवारांत उभा आहे, कोणतें घराणें त्यास शेंदूर लावितें व नैवेद्य दाखवितें, याची चौकशी. नोंद न करितां दगड हलविला कीं हा मार्ग खुंटतो. पोथीचें समाप्तिवाक्य असलेलें पान फाडून टाकावें, तसेंच हें होय.

१९४६ सालीं बिलोली तालुक्यांत अर्जापूरनजीक गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामांतील हुतात्मा म्हणून त्यांचें नांव आज लोकांच्या तोंडीं आहे, कारण तें लिहून ठेविलें गेलें. गुरांमागें धांवून पडलेल्या गांवकऱ्यासही नांव होतें. यास्तव आमची विनंति अशी कीं, वीरगळ आढळतांच गांव, स्थळ, दिशा, मापें, कप्प्यांतील चित्रें आणि पूजा करणारें घराणें यांचें टिपण प्रथम करावें; दगडास हात मागाहून लावावा.