तोस्कानिनीचा नकार

१४ मे १९३१ रोजीं इटलींतील बोलोन्या शहरीं, नाट्यगृहाच्या दाराशीं, चौसष्ट वर्षांच्या एका गृहस्थास फॅसिस्टांनीं तोंडावर मारलें. त्याचा अपराध एवढाच कीं, मार्तुच्ची या दिवंगत संगीतकाराच्या स्मरणार्थ योजिलेल्या जलशांत राजगीत व फॅसिस्ट पक्षाचें गीत वाजविण्यास त्यानें साफ नकार दिला. हा गृहस्थ म्हणजे विख्यात वाद्यवृंदसंचालक आर्तुरो तोस्कानिनी होय. त्याच्या ध्वनिमुद्रिका रसिक आजही आवडीनें ऐकतात. त्या ऐकतांना या प्रसंगाचें स्मरण ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

वाद्यवृंदाचा संचालक स्वतः कांहींच वाजवीत नाहीं. शंभरएक वादकांस एका लयींत व एका अर्थानें वाजवावयास लावणें हें त्याचें काम. तोस्कानिनीचा जन्म १८६७ सालीं पार्मा येथें एका शिंप्याच्या घरीं झाला. बाप गॅरिबाल्डीच्या सैन्यांत लढलेला. १८८६ मध्यें रिओ दि जानेरो येथें ऐनवेळीं संचालकाची अडचण पडली, तेव्हां सेलो वाजविणाऱ्या या एकोणीस वर्षांच्या पोरानें व्हेर्दीचें 'आइदा' हें संगीत नाटक पोथी न पाहतां तडीस नेलें. दृष्टि अधू, म्हणून सारें स्वरलेखन मुखोद्गत! पुढें मिलानच्या 'ला स्काला'चें आधिपत्य त्याजकडे आलें.

कोणी म्हणेल, कलावंतास राजकारणाशीं काय कर्तव्य? प्रतिपक्षाच्या हातीं एक बळकट पुरावाही आहे: १९१९ च्या निवडणुकींत मुसोलिनीच्या उमेदवारांच्या यादींत तोस्कानिनीचें नांव होतें. आम्ही तें लपवीत नाहीं. परंतु चूक उमजल्यावर ती टाकून देणें हा दोष नव्हे. शिवाय त्यानें संगीतांत राजकारण आणलें नाहीं. राजकारणच संगीताकडे चाकरी मागण्यास आलें. बोलोन्याच्या प्रकारानंतर त्याचें पारपत्र कांहीं काळ जप्त झालें व घरावर पहारा बसला. १९३३ मध्यें हिटलरी राजवटीच्या निषेधार्थ त्यानें बायरॉइटचा महोत्सव सोडला. १९३६ च्या डिसेंबरांत तो तेल अवीव्ह येथें गेला आणि जर्मनी वगैरे देशांतून परागंदा झालेल्या यहुदी वादकांच्या नव्या वाद्यवृंदाचा पहिला जलसा त्यानें बिनमोबदला चालविला.

त्याचा एक दोष मात्र आम्ही क्षम्य मानीत नाहीं. तालमींत तो वादकांवर तुटून पडे, शिव्या देई, हातांतील कांडी मोडून फेकी. सत्ताधीशाची अरेरावी ज्यास असह्य, त्याची अरेरावी हाताखालच्या माणसांनीं मुकाट्यानें सोसावी, ही विसंगति थोर माणसांतही आढळते हें सुधारकांनीं ध्यानीं ठेवावें.

ध्वनिमुद्रणाचा त्याला मनापासून तिटकारा. जुन्या तबकडीची एक बाजू चार-पांच मिनिटांत संपे, आणि अखंड संगीताचे तुकडे पाडावे लागत. तरीही १९३६ सालीं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह ध्वनिमुद्रित केलेली बेथोव्हेनची सातवी सिंफनी आजही नमुन्यादाखल सांगितली जाते. १९३७ पासून १९५४ पर्यंत एन. बी. सी. या अमेरिकन नभोवाणी कंपनीनें त्याच्यासाठीं उभारलेल्या वाद्यवृंदासह त्यानें बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी मुद्रित केल्या. व्हेर्दीचीं 'ओतेल्लो' व 'फाल्स्ताफ' हीं नाटकेंही त्या काळांत ध्वनिबद्ध झालीं. त्यांतील कित्येकांचा आवाज कोरडा वाटतो, कारण तो स्टुडिओच तसा होता. पण रचनाकारानें लिहिलें त्याहून निराळें कांहीं घुसडावयाचें नाहीं, हा बाणा प्रत्येक तबकडींत ऐकूं येतो. १९४३ मध्यें व्हेर्दीचें राष्ट्रगौरवाचें गीत वाजवितांना मात्र त्यानें मायभूमीच्या उल्लेखांत एक शब्द मुद्दाम बदलला व तिचा विश्वासघात झाल्याचें जगास ऐकविलें.

ज्याला त्यानें नकार दिला, तें परक्यांचें सरकार नव्हतें, स्वकीयांचेंच होतें. हें आम्हां राष्ट्रवाद्यांनीं नीट समजून घ्यावें. देशभक्ति आणि सत्ताधाऱ्यांची आज्ञाधारकता या दोन भिन्न वस्तु आहेत. बोलोन्यानंतर पंधरा वर्षें त्यानें इटलींत कांडी उचलली नाहीं. ११ मे १९४६ रोजीं, बाँबनें उद्ध्वस्त होऊन पुन्हां बांधलेल्या 'ला स्काला'चें द्वार त्याच्याच हस्तें उघडलें. १९५७ मध्यें न्यूयॉर्क येथें तो वारला. देह मात्र मिलानच्या मातींत विसावला. स्वराज्यांतही कलावंतास स्तुतिगीत गाण्याची सक्ति होऊं नये, आणि झालीच तर नकार देणाऱ्याच्या पाठीशीं श्रोत्यांनीं उभें राहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.