एका अक्षराची किंमत

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. शाळा सुटली होती. मी वह्यांचा गठ्ठा कपाटात ठेवत होते, तेवढ्यात ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदच कागद. मागे त्यांची मुलगी. आमच्याच शाळेतून दहावी झालेली, आता बारावी सायन्स करून फार्मसीच्या प्रवेशाला निघालेली.

"आपा, पोरी का नाम गलत है करके बोलरे सेतूवाले," बाई म्हणाल्या.

मी कागद टेबलावर मांडले. महापालिकेचा जन्मदाखला, आधार कार्ड, दहावीचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. मुलीचे नाव मी इथे लिहीत नाही. एवढेच सांगते की त्या नावात उर्दूतले 'ज़ाल' हे अक्षर आहे. जन्मदाखल्यावर 'झ' होता, आधारवर इंग्रजीत 'झेड' होता. शाळेच्या दाखल्यावर मात्र 'ज' आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजी 'जे'. जातीच्या दाखल्याचा अर्ज त्यामुळे परत आला होता.

चूक कुठून सुरू झाली हे पाहावे म्हणून शिपाईमामांना २०१३ चे जनरल रजिस्टर काढायला सांगितले. त्यांनी धूळ झटकून ते समोर ठेवले. पहिलीच्या प्रवेशाची ती नोंद वाचली आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. अक्षर माझे होते.

त्या वर्षी पहिलीच्या प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. एका दिवसात चाळीस-पन्नास मुलांच्या नोंदी व्हायच्या. आई तोंडाने नाव सांगायची, मी लिहायची. या बाईंच्या पिशवीत त्या दिवशीही जन्मदाखला असणार. तो मागून घेऊन पाहायला एक मिनिट लागले असते. ते मिनिट मी दिले नाही.

नाव बिघडते कसे?

वाचक बंधू-भगिनींनो, मी शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. त्यामुळे आपली नावे एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना कुठे ठेच खातात, हे मला रोज दिसते. उर्दूत 'ज़े', 'ज़ाल', 'ज़ुआद' आणि 'ज़ोय' ही चार वेगळी अक्षरे, पण आपल्याकडे उच्चार एकच. मराठीत त्यासाठी कुणी 'ज' लिहितो, कुणी 'झ'. इंग्रजीत पुन्हा दोन वाटा. उर्दू लिहिताना ज़ेर, ज़बर, पेश आपण सहसा देत नाही. म्हणून एकच नाव कुणी फातिमा वाचतो, कुणी फातेमा, कुणी फातमा. खदिजाची खतिजा होते आणि रझियाची रजिया.

त्यात आडनावाचा घोळ वेगळा. आपल्याकडे 'शेख' पुढे लावायची पद्धत आहे, सरकारी अर्जात आडनाव शेवटी. मग संगणक 'शेख' हेच मुलाचे नाव समजतो. 'मोहम्मद'चे कुठे 'मो.' होते, कुठे 'मोहं'. बायकांच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर 'बानो'. आजोबांच्या दाखल्यावर 'नदाफ', वडिलांच्या दाखल्यावर 'पिंजारी' आणि नातवाच्या दाखल्यावर नुसते 'शेख', अशी घरे आमच्या मोहल्ल्यात कितीतरी आहेत. घरात सगळ्यांना माहीत असते की माणसे तीच आहेत. कागदाला ते माहीत नसते.

माझा एक जूनचा वाढदिवस

नावासारखेच तारखेचे. माझी स्वतःची जन्मतारीख कागदावर १ जून १९७९ आहे. आमच्या शाळेतल्या तीन शिक्षकांचा आणि दोन शिपायांचा वाढदिवसही एक जूनच. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य लोकांची हीच कथा आहे. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, वय पूर्ण बसायला हवे म्हणून गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे.

घरचे हिशेब वेगळेच असायचे. कुणी बहात्तरच्या दुष्काळात झालेला, कुणी किल्लारीच्या भूकंपाआधी आठ दिवस. माझे मरहूम अब्बा सांगत, तू रमजानच्या सत्ताविसाव्या रोजाला झालीस. १९७९ चा रमजान जुलैच्या अखेरीस सुरू झाला होता. म्हणजे माझा जन्म ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातला. एक जूनच्या हिशेबाने मी मे अखेरीस निवृत्त होईन, खऱ्या तारखेने ऑगस्ट अखेरीस झाले असते. घरी आम्ही यावर हसतो. मुलगा म्हणतो, "अम्मी, गुरुजींनी तुमचा तीन महिन्यांचा पगार खाल्ला."

माझे तीन महिने गेले, त्यात हसण्यासारखे काही आहे. त्या मुलीचे जे गेले त्यात नव्हते.

आता कागदाचे वजन वाढले आहे

पूर्वी गावात ओळख माणसांची असायची. तलाठी, पोलीस पाटील, मास्तर, सगळे एकमेकांना ओळखत. 'हा अमक्याचा नातू' एवढे पुरायचे. आता ओळख यंत्राला पटवावी लागते. शाळेत मुलांची माहिती पोर्टलवर भरताना आधारवरचे नाव आणि रजिस्टरमधले नाव जुळले नाही की स्क्रीनवर लाल अक्षरे येतात. आम्हा शिक्षकांचे किती तास या जुळवाजुळवीत जातात, ते शिक्षकांच्या घरच्यांना विचारा.

कायदेही बदलले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. मला हा निर्णय आवडला. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या आईचे नाव कागदावर यावे, यात वावगे काय? पण आता आईचे नावही प्रत्येक ठिकाणी एकसारखे असायला हवे.

२०२५ च्या जूनमध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे कमी झाली. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी कारणे आयोगाने दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने आधार कार्ड हे बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारायला सांगितले, पण ते ओळखीपुरते, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे.

ही बातमी आमच्या मोहल्ल्यात पोहोचली ती रात्री अकरा वाजता, मोबाइलवरून, चार पट मोठी होऊन. सकाळी शेजारच्या खाला माझ्याकडे आल्या. वय सत्तरीचे, हातात रेशन कार्ड. "मुझे कहाँ भेजरे?" एवढेच विचारत होत्या. त्यांना खाली बसवले, चहा दिला. कुणी कुठे पाठवत नाही हे समजावून सांगितले आणि मतदार यादीत त्यांचे नाव शोधून दाखवले. नाव होते. फक्त 'बी'च्या जागी 'बाई' छापले होते.

मला दोन गोष्टी स्पष्ट लिहायच्या आहेत. पहिली व्यवस्थेसाठी. स्पेलिंग चुकले म्हणून माणूस खोटा ठरत नाही. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर उभे राहणाऱ्या माणसाने आपले नाव कधी स्वतः लिहिलेलेच नसते. ते कुणीतरी टेबलामागे बसलेल्याने लिहिलेले असते, आणि चूक लिहिणाऱ्याची असते. ती दुरुस्त करायला त्या गरिबाची चार दिवसांची मजुरी बुडू नये, एवढी सोय करणे हे टेबलामागच्यांचे काम आहे. मी स्वतः त्या टेबलामागे बसते, म्हणून हे अधिकाराने म्हणते.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी. घाबरल्याने कागद दुरुस्त होत नाही. रात्री मेसेज पुढे पाठवायला आपल्याकडे वेळ असतो, पण मुलाचा दाखला हातात आल्यावर तो वाचून पाहायला नसतो. दुकानदाराने पाच रुपये कमी दिले तर आपण तिथेच मोजतो. दाखला मात्र घडी घालून थेट पिशवीत ठेवतो.

कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे. नमाज किंवा रोजा हा तिचा विषय नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असा तिचा आशय आहे. उधारीच्या लिखाणाला जिथे एवढे महत्त्व आहे, तिथे लेकराच्या नावाचे लिखाण आपण इतके हलके कसे धरतो?

करता येण्यासारखे

अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी सांगते.

बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्मनोंद व्हायला हवी. नाव ठरले नसेल तरी नोंद करून घ्यावी. नाव नंतर घालता येते, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. जन्माची नोंदच करायला वर्षाहून जास्त उशीर झाला, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही.

अकीक्याच्या दिवशी आपण नाव जाहीर करतो. त्याच दिवशी घरातल्या शिकलेल्या माणसाने एका कागदावर ते नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिपींत लिहावे. पुढे प्रत्येक अर्ज त्या कागदावरून भरावा, तोंडी सांगून नव्हे.

मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरमधली चूक दुरुस्त करणे सोपे असते. दहावीचे प्रमाणपत्र हातात आल्यावर शाळेचा प्रस्ताव बोर्डाकडे जातो आणि वेळ लागतो. म्हणून नववीत बोर्डाच्या कामाला सुरुवात होण्याआधीच सगळे कागद शेजारी ठेवून ताडून पाहा.

निकाहनाम्यात मुलीचे नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहायला काझी साहेबांना सांगा. लाडाचे नाव घरात राहू द्या.

आजोबांचा जुना दाखला रद्दीत घालू नका. इतर मागासवर्गीयांच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो दाखला घरात नसेल तर आजोबा ज्या गावच्या शाळेत शिकले तिथे जाऊन रजिस्टरचा उतारा मागा. जुन्या शाळांत ही रजिस्टरे अजून असतात, पण वाळवी कुणाची वाट पाहत नाही.

आमच्या शाळेत आता दर गुरुवारी सुटीनंतर मी तासभर बसते. पालक कागद घेऊन येतात. आम्ही नाव तिन्ही लिपींत एका कार्डावर लिहितो, आई-वडिलांची सही किंवा अंगठा घेतो आणि कार्ड रजिस्टरच्या पानाला जोडतो.

माफी

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. प्रतिज्ञापत्र झाले, शाळेने पुण्याच्या विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. मुख्याध्यापकांनी सही करायला एक दिवसही लावला नाही. तरी जातीचा दाखला यायला उशीर झाला आणि प्रवर्गातली जागा हातची गेली. सोलापुरातले कॉलेज मिळत होते. मिळाले ते दुसऱ्या तालुक्यातले, खुल्या जागेवर, जास्त फीचे. ती आता पहाटे उठून एसटीने जाते. वडील रिक्षा चालवतात. ते आता रात्रीही चालवतात.

अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील, पण बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो, असे लहानपणापासून ऐकले होते. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. रजिस्टरमधले अक्षर कुणाचे होते ते त्या दिवशी ऑफिसात मी सांगितले नव्हते. घरी बसून सांगितले आणि माफी मागितली.

मुलगी खाली बघत राहिली. वडील काही बोलले नाहीत. बाई विड्यांचे सूप बाजूला सारून उठल्या आणि आत गेल्या. मला वाटले, राग आला असणार, आणि तो यायलाच हवा होता. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात तीच प्लास्टिकची पिशवी होती.

"आपा, ये छोटे के कागज. नववी में है. इसका देखो बराबर है क्या," त्या म्हणाल्या.

मी चष्मा काढून पुसला आणि पहिला कागद हातात घेतला. वडिलांच्या नावात एक काना जास्त होता.