निरोप खरा कशावरून?

मातीचा ओलावा, पुलाला बसणारे हादरे, डोंगरउतारात मुरणारे पाणी यांची खबर देणारे बिनतारी सेन्सर बसवताना एक प्रश्न हमखास निघतो: ही माहिती चोरून कोण काय करणार? प्रश्न रास्त आहे, पण त्यात फक्त चोरीचा विचार आहे. आकडा कुणी वाचला तर सहसा बिघडत नाही; खोटा आकडा खरा म्हणून पोहोचला तर बिघडते. २००० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील मारूची इथे सांडपाण्याचे पंप रेडिओवरून चालवले जात. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने लॅपटॉप आणि रेडिओ संच वापरून गाडीतूनच आज्ञा सोडल्या, आणि सुमारे ८ लाख लिटर मैला ओढ्यांत, बागांत वाहिला. त्याचा संच स्वतःला पंपगृह म्हणवत होता आणि यंत्रणेने ते मान्य केले. २०१० साली अमेरिकी संशोधकांनी टायरमधील दाबमापक सेन्सरांच्या नावाने खोटे निरोप पाठवून मोटारीतला धोक्याचा दिवा लावून दाखवला. तिथेही निरोप कोणाचा, हे कुणी विचारत नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढ्याशा यंत्राला सुरक्षा परवडणार कशी? एके काळी संशोधकांचा लाडका असलेला ‘मायका २’ हा सेन्सर दोन पेन्सिल सेलवर चाले आणि त्याची कामाची मेमरी होती ४ किलोबाइट. हा लेखही तिच्यात मावला नसता. तरीही बर्कलीच्या कार्लोफ, शास्त्री आणि वॅग्नर यांनी २००४ साली ‘टायनीसेक’ ही सुरक्षापद्धत मांडून वाट काढली. शिवकालीन पत्राच्या शेवटी मर्यादा मुद्रा उमटली की पुढे भर घालता येत नसे. इथे ते काम ४ बाइट करतात. मजकूर आणि पाठवणारा व घेणारा या दोघांकडची गुप्त किल्ली यांच्या गणितातून ते निघतात, म्हणून मजकुरात फेरफार झाला की मुद्रा जुळत नाही. निरोप ज्यातून जातो त्या आधीच्या पाकिटातले ३ बाइट त्यामुळे अनावश्यक ठरले. पाकीट वाढले १ बाइटने आणि विजेचा खर्च सुमारे ३ टक्क्यांनी. चार बाइट तोकडे आहेत म्हणावे, तर इंटरनेटवर ते खरेच तोकडे पडतील. पण त्या सेन्सरच्या रेडिओवरून सेकंदाला साधारण ४० खोटी पाकिटे सुटत, आणि मुद्रा अंदाजाने जुळवायला सरासरी २०० कोटींहून जास्त प्रयत्न, म्हणजे २० महिने लागत. सेन्सरांच्या जाळ्याचा संथपणाच इथे त्याच्या कामी आला. म्हणून ‘परवडत नाही’ ही सबब मला पटत नाही.

खरा पेच किल्लीचा आहे. सेन्सर उघड्यावर असतो. कुणीही तो उचलून नेऊन चिपमधली किल्ली काढू शकतो. सगळ्या जाळ्याला एकच किल्ली असेल तर एका चोरीत सगळे गेले. एशेनॉअर आणि ग्लिगोर यांनी २००२ साली सुचवले, की १ लाख किल्ल्यांच्या साठ्यातून प्रत्येक सेन्सरला कोणत्याही २५० द्याव्यात. दोन शेजाऱ्यांत एखादी समान निघण्याची शक्यता एवढी असते, की १० हजार सेन्सरांचे जाळे जोडले जाते, आणि एक सेन्सर गेला तर साठ्यातल्या पाव टक्काच किल्ल्या जातात.

मात्र चोरलेला सेन्सर खऱ्या किल्लीनेच खोटे बोलतो, आणि त्याला गणित अडवू शकत नाही. तिथे शेजाऱ्यांची साक्षच काढावी लागते. केरळात मुन्नारजवळच्या दरडप्रवण उतारावर अमृता विद्यापीठाने बसवलेल्या जाळ्यात पर्जन्यमापक आहेत, तसेच जमिनीत खोलवर पाण्याचा दाब मोजणारे सेन्सरही. खोटे बोलवायला तिथे सेन्सर चोरावाही लागत नाही: पर्जन्यमापकात कुणी तांब्याभर पाणी ओतले तर तो आकडा रीतसर मुद्रेसह पोहोचेल. जमिनीखालच्या दाबमापकाला मात्र त्या पावसाचा पत्ताही नसेल.