एकाच डब्यातले तेल, दोन भावंडे

डोरेमॉन हा निळा बोका आणि डोरामी ही त्याची पिवळी बहीण आज आपल्या वस्तीतील पाच-सहा वर्षांच्या कोणत्याही मुलाला ठाऊक असतात. आईवडिलांना मात्र त्यांच्या जन्माची गोष्ट बहुधा ठाऊक नसते. ही दोघे म्हणजे कारखान्यात तयार झालेली यंत्रे. दोघांना घातलेले तेल एकाच डब्यातले. पण डब्यात तेलाचा कस तळाशी बसला आणि पातळ तेल वर राहिले. वरचे तेल डोरेमॉनला गेले, तळाचे डोरामीला. म्हणून भाऊ वेंधळा आणि हळवा, तर बहीण हुशार, टापटिपीची, अडचणीत धावून येणारी. जपानी कर्त्यांनी आकडेसुद्धा देऊन ठेवले आहेत. डोरेमॉनची ताकद १२९.३ अश्वशक्ती, डोरामीची १०,०००!

आपल्या घरात ही भाषा नवी नाही. 'एका आईच्या पोटची, पण एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला' असे आपण सहज बोलून जातो. आता मुले ते कार्टूनमधून उचलतात आणि एकमेकांना लावतात. 'मी हनी, तू बनी.' 'आमची ताई म्हणजे डोरामी.' मोठी माणसे हसतात, मान डोलावतात, आणि आठ-पंधरा दिवसांत ते नाव मुलाला चिकटते. तेव्हा पडद्यावरची ही भावंडे घडवतात कशी, हे घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा पाहून घ्यावे असे आम्हांला वाटते.

कार्टूनची एक गोष्ट दहा-बारा मिनिटांची. तेवढ्यात ओळख, भांडण, पाठलाग आणि शेवट उरकायचा. मूल टीव्ही मध्येच लावते, कालची गोष्ट त्याने पाहिलेली नसते, आणि वाहिनीवाले तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतात. म्हणून पात्र पडद्यावर येताक्षणी ओळखू यावे लागते. रंग वेगळा, आवाज वेगळा, आणि स्वभावही टोपीसारखा वरून घातलेला. शिवाय गोष्ट संपताना सगळे होते तेथे परत यायला हवे. वेंधळा शहाणा झाला तर उद्याची गोष्ट कशावर करायची? अमेरिकेतील 'द सिम्प्सन्स' ही मालिका १९८९ साली सुरू झाली. तीत बार्ट हा भाऊ दहा वर्षांचा, लिसा ही बहीण आठ वर्षांची. तीन दशके उलटून गेली. बार्ट अजून दहाचाच आहे आणि अजून खोड्या करून शिक्षा भोगतो. लिसा अजून आठचीच आहे आणि वर्गात पुढे आहे. (याच लिसाने डिसेंबर २००१ मध्ये दाखवलेल्या एका भागात बौद्ध धम्म स्वीकारला. आपल्या वाचकांना हे वाचून मौज वाटेल, म्हणून सांगितले.)

भावंडे जोडीने लागतात त्याचेही कारण आहे. एकट्या शहाण्याचे शहाणपण दिसत नाही, शेजारी वेंधळा उभा केला की दिसते. निंजा हातोरी शांत आणि शिस्तीचा वाटतो, कारण त्याच्या बाजूला शिंझो हा धाकटा भाऊ भोकाड पसरून बसलेला असतो. रडणे हेच त्या शिंझोचे हत्यार.

आजचे तरुण आईबाप ज्या पडद्यासमोर वाढले तो वेगळा होता. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर 'डकटेल्स' हिंदीत लागे. त्यात ह्युई, ड्युई आणि लुई हे तीन भाऊ होते. मूळची मालिका १९८७ ची. लाल, निळा आणि हिरवा एवढाच तिघांत फरक. मूळ इंग्रजीत तिघांना रुसी टेलर या एकाच बाईंनी आवाज दिला होता. २०१७ साली हीच मालिका नव्याने केली तेव्हा तिघांना तीन आवाज दिले आणि तीन स्वभावही वाटून दिले. प्रत्येक मुलाला त्याचे स्वतःचे मन आहे हे मानले गेले, ही चांगली गोष्ट झाली. पण तिघे सारखे होते तेव्हा घरात कोणी 'तू ह्युई' म्हणून कोणाला हिणवीत नव्हते, हेही खरे.

त्याच्याही आधी, १९७४ साली, विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' हा काही मिनिटांचा चित्रपट केला. दूरदर्शनवर तो इतक्या वेळा लागला की चाळिशीच्या पुढच्या कोणालाही त्यातील पक्षी, जाळे आणि उंदीर आठवतील. त्यात गोष्ट सांगणारी ताई आहे आणि प्रश्न विचारणारी लहान मुले आहेत. ताई शहाणी आहे, पण तिचे शहाणपण दाखवायला कोणाला मठ्ठ केलेले नाही. लहान मूल विचारते, कारण ते लहान आहे. बाईंनी साधलेली ही गोष्ट आजच्या मोठमोठ्या कंपन्यांना क्वचितच साधते.

आता पडद्यामागची बाजू. २०१७ साली आलेल्या 'हनी बनी का झोलमाल' मध्ये हनी आणि बनी हे जुळे बोके आहेत. हनी चलाख, बनी भोळा. या मालिकेतील अनेक पात्रांना सुगंधा मिश्रा या एकाच कलावतीने आवाज दिला. शहाणाही तोच गळा, खुळाही तोच गळा. दुसरे उदाहरण जपानचे हायाओ मियाझाकी यांचे. त्यांच्या १९८८ च्या 'माय नेबर टोटोरो' या चित्रपटात सात्सुकी आणि मेई अशा दोन बहिणी आहेत. थोरली जबाबदार, धाकटी हट्टी. पण आधी त्यांच्या मनात एकच मुलगी होती. चित्रपट लांबला तेव्हा त्यांनी त्या एका मुलीच्या दोन केल्या. नावांतही ती खूण राहिली आहे. सात्सुकी हे जपानीत वर्षाच्या पाचव्या महिन्याचे जुने नाव, आणि मेई म्हणजे इंग्रजी मे महिना.

म्हणजे डोरेमॉनच्या डब्याची गोष्ट कर्त्यांनी गमतीत सांगितली असली तरी धंद्याचे गुपितच सांगितले आहे. एक अख्खे मूल घ्यायचे, त्याचा धांदरटपणा एका बाहुल्यात घालायचा, समजूत दुसऱ्या बाहुल्यात घालायची, आणि दोघांना भाऊ-बहीण म्हणायचे. आपल्या घरातले मूल असे कापलेले नसते. सकाळी बाटली विसरणारा मुलगा संध्याकाळी आजीच्या गोळ्या न चुकता देतो.

ताडीवाला रोड, येरवडा, दापोडी, पर्वती पायथा अशा पुण्याच्या वस्त्यांतून आम्ही हिंडतो तेव्हा दोन नावे वारंवार कानी पडतात. पहिले 'ढ'. ते वाईट आहे हे सर्वांना कळते. दुसरे 'समजूतदार'. ते मात्र कौतुकाने दिले जाते. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामावर जाते. सातवी-आठवीतली मुलगी पाणी भरते, भावाला खाऊ घालते, त्याला शाळेत सोडते, आणि मग स्वतःच्या शाळेत उशिरा पोहोचते. 'आमची पोर फार समजूतदार,' असे आई अभिमानाने सांगते. डोरामीला कधी स्वतःचा अभ्यास असल्याचे तुम्ही पाहिले आहे का? ती येते, भावाचे निस्तरते आणि जाते. मियाझाकी या बाबतीत प्रामाणिक आहेत. त्यांच्या सात्सुकीची आई इस्पितळात असते, घर तीच सांभाळते, आणि एके दिवशी तीही धाकटीवर ओरडते आणि शेजारच्या आजीपाशी ढसाढसा रडते. कार्टून म्हणून चित्रपट मध्येच बंद करणाऱ्या पालकांनी निदान तेवढा भाग पाहावा.

'ढ' या नावाचा हिशोब तर पैशाचा असतो. घरात दोन मुले शिकणारी आणि फी एकाचीच परवडणारी. अशा वेळी निर्णय गुणपत्रिका पाहून होतो असे म्हणतात, पण पुष्कळदा तो नावावरून आधीच झालेला असतो. 'याचं डोकं चालत नाही, याला गॅरेजला लावा' हे वाक्य आम्ही दहावीचा निकाल लागण्याआधी ऐकले आहे.

भावंडांच्या स्वभावांवर शास्त्रज्ञांनीही काम केले आहे. अमेरिकेतील फ्रान्सिस शॅक्टर यांनी १९७६ साली दाखवले की भावंडे एकमेकांपासून मुद्दाम दूर सरकतात. एकाने अभ्यासाची जागा धरली की दुसरा खेळाची धरतो, एक 'गुणी' ठरला की दुसरा 'द्वाड' होतो. थोरला जबाबदार आणि धाकटा लाडावलेला, हे जन्मक्रमानेच ठरते असाही समज फार जुना आहे. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा स्वभावावर जन्मक्रमाचा परिणाम जवळजवळ आढळलाच नाही.

माणसांचे स्वभाव पाडण्याची विद्या काही कार्टूनवाल्यांनी शोधलेली नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विशुद्धिमार्ग' लिहिला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित अशी सहा प्रकारची माणसे दिली आहेत. (येथे राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती.) या ग्रंथाचे पुण्याशी जवळचे नाते आहे. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबींनी पुढे त्याची देवनागरी आवृत्ती संपादित केली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' या त्याहून जुन्या ग्रंथाशी त्याची तुलना केली. ते पुस्तक १९३७ साली पुण्यातच निघाले. त्या जुन्या ग्रंथात तर चौदा प्रकारची माणसे आहेत.

ओळखायचे कसे, ते बुद्धघोष घरातलीच उदाहरणे देऊन सांगतात. झाडू देऊन पाहा. रागचरित माणूस तो नीट धरतो, घाई न करता सारखे आणि स्वच्छ झाडतो. द्वेषचरित तो घट्ट आवळतो, खरखर आवाज करीत दोन्हीकडे माती उडवतो. मोहचरित सैल धरतो, केर इकडचा तिकडे करतो, आणि जमीन धड स्वच्छ होत नाही की सारखी होत नाही. जेवतानाही तसेच. एक नीट गोल घास करून चवीने खातो, दुसरा तोंडभर घास भराभर कोंबतो, तिसरा ताटात सांडतो, तोंडाला माखतो, आणि त्याचे चित्त भलतीकडेच असते. प्रत्येक घरात यातला एकेक नमुना सापडेल!

पण पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. आचार्य द्वेषचरिताची जोडी बुद्धिचरिताशी लावतात. पहिला नसलेले दोष शोधतो, दुसरा असलेले दोष शोधतो. शोधण्याची सवय एकच. म्हणजे प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा घरातला चिडका मुलगा आणि शाळेतला चिकित्सक मुलगा जवळचे नातेवाईक निघाले. मग कोणाला कशी जागा द्यावी, तेही येते. द्वेषचरिताला प्रसन्न जागा, चांगले अन्न आणि हसतमुख वाढणारी माणसे द्यावीत. मोहचरिताला कोंदट जागा देऊ नये, चारी दिशा मोकळ्या दिसतील अशी द्यावी. स्वभाव ओळखायचा तो माणसाला काय मानवेल हे ठरवायला. दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात अभ्यासाला बसवलेल्या आणि 'वेंधळा' ठरलेल्या मुलाचा विचार या ओळी वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही. शिवाय आचार्य स्वतःच बजावतात की ही लक्षणे मूळ पालीत नाहीत आणि अट्ठकथेतही नाहीत. ती केवळ गुरुजनांच्या मताने आली आहेत, तेव्हा ती पूर्ण खरी धरू नयेत. कार्टूनच्या आरंभी अशी पाटी कोणी लावीत नाही.

भावंडांची गोष्ट म्हणाल तर महापंथक आणि चुल्लपंथक यांची धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. थोरला विद्वान, धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने त्याला विहारातून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला पाठांतर दिलेच नाही. एक स्वच्छ कापड हातात दिले आणि ते चोळीत बसायला सांगितले. कापड मळत गेले, ते पाहता पाहता त्याला जे उमगायचे ते उमगले, आणि तो अर्हत झाला. थोरला काही दुष्ट नव्हता. त्याच्याकडे माप एकच होते, पाठांतराचे. याची कार्टून मालिका निघाली असती तर पन्नासाव्या भागातही चुल्लपंथक गाथा विसरतच राहिला असता.

येरवड्यातील एका अभ्यासिकेत आम्ही गेल्या उन्हाळ्यात मुलांना विचारले, तुम्हांला कार्टूनमधले कोण व्हायला आवडेल? कोणी हातोरी म्हणाले, कोणी शिनचॅन. धाकट्या दोन भावांना घेऊन आलेली एक मुलगी गप्प होती. तिथल्या बाईंनी कौतुकाने सांगितले, ही आमची डोरामी. मुलगी म्हणाली, "मला जियान व्हायचंय." जियान म्हणजे तो दांडगट, बेसूर गाणारा पोरगा. सगळे हसले. बाईंनी विचारले, अगं, तो का? तर म्हणाली, "तो त्याच्या बहिणीला कामं नाही सांगत. चित्रं काढू देतो. आणि त्याला मोठ्यानं गाता येतं, कुणी कितीही ओरडलं तरी."