मुदत संपलेल्या नावाच्या मागावर

४ फेब्रुवारी २०१८. सेंच्युरियनला भारत-दक्षिण आफ्रिका दुसरा एकदिवसीय सामना चालू होता, चहलच्या फिरकीपुढे यजमानांची दाणादाण उडत होती, आणि नेमकं त्याच दिवशी जगातल्या सर्वात श्रीमंत क्रिकेट मंडळाचं संकेतस्थळ गायब होतं. बीसीसीआय डॉट टीव्ही. वानखेडेवर कचेरी थाटून बसलेल्या मंडळाकडून नावाचं नूतनीकरणच राहून गेलं होतं. नाव लिलावात चढलं. सात बोल्या लागल्या, त्यातली सर्वात मोठी २७० डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या भावाने सतरा हजारांच्या आसपास. नोंदणी आयपीएलचे माजी प्रमुख ललित मोदी यांच्या नावावर असल्याचंही तेव्हा छापून आलं.

पण नाव बोली लावणाऱ्यांपैकी कुणालाच मिळालं नाही. मंडळाचं स्थळ लवकरच पूर्ववत झालं आणि लोक विसरून गेले. मी विसरलो नाही. लिलावात बोली लागलेली वस्तू मूळ मालकाकडे परत जातेच कशी, या एका प्रश्नात हा सगळा विषय सामावलेला आहे, आणि मला त्याचं वेड लागून आता बरीच वर्षं झाली.

थोडा इतिहास उरकून घेऊ. पहिलं डॉट कॉम, सिम्बॉलिक्स, १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं. १९९५ पर्यंत नोंदणी फुकट होती, मग दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले. १९९८ मध्ये आयकॅन स्थापन झाली आणि कारभार तिच्याकडे गेला. आपलं डॉट इन २००५ पासून सगळ्यांना खुलं झालं, ते निक्सी सांभाळते. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं, त्यात मराठीतही नाव घेता येतं. झाला इतिहास.

आता मूळ मुद्दा. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, कुणी कायमचं विकत घेतच नाही. ते एका खेपेला जास्तीत जास्त दहा वर्षांपुरतं आपल्या नावावर चढतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत मालकाला मेल पाठवणं रजिस्ट्रारवर, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीवर, बंधनकारक आहे. तरीही पैसे आले नाहीत, तर डॉट कॉमसारख्या नावांना पंचेचाळीस दिवसांपर्यंतची सवलत असते. या काळात स्थळ बंद पडतं किंवा जाहिरातींचं पान दिसू लागतं, आणि बरेच रजिस्ट्रार नाव लिलावाला लावून मोकळे होतात. मात्र लिलाव चालू असला, तरी मालक आला आणि त्याने पैसे भरले, तर नाव त्याचंच. बीसीसीआयच्या नावावर बोली लावणाऱ्यांचं असंच झालं. सवलत संपली की तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा टप्पा. त्यातही हक्क मालकाचाच, पण आता वर काही हजारांचा दंड. त्यानंतर पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’. या पाच दिवसांत मालकाने कितीही पैसे ओतले तरी उपयोग नाही, आणि बाहेरच्यालाही नाव घेता येत नाही.

सहाव्या दिवशी नाव सुटतं. माझा सगळा जीव अडकलाय तो इथे.

डॉट कॉमची नावं रोज सुटतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे दोन वाजले की यादीतली नावं एकामागून एक पुसली जाऊ लागतात. तिकडचं घड्याळ उन्हाळी असेल तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा, हिवाळी असेल तर साडेबारा. साधारण तासभर हा खेळ चालतो. कोणतं नाव कोणत्या सेकंदाला सुटणार हे आधी कळत नाही. म्हणून टपून बसलेली यंत्रं ‘हे नाव मला द्या’ अशी मागणी रजिस्ट्रीकडे, म्हणजे सगळ्या नावांची मूळ वही सांभाळणाऱ्या संस्थेकडे, पुन्हा पुन्हा धाडत राहतात. नाव सुटल्यानंतर ज्याची मागणी आधी पोचली, त्याचं नाव. चिठ्ठी नाही, वशिला नाही.

यात एक गंमत आहे. एका रजिस्ट्रारला रजिस्ट्रीशी ठरावीकच जोडण्या मिळतात. मग काय करायचं? रजिस्ट्रारच जास्त काढायचे. ड्रॉपकॅच नावाच्या अमेरिकी कंपनीने नावापुढचा फक्त अनुक्रमांक बदलत कंपन्याच कंपन्या काढल्या आणि हजारावर परवाने जमवले. एका परवान्याची वार्षिक फी ४००० डॉलर. म्हणजे एका सेकंदाच्या शर्यतीसाठी वर्षाला लाखो डॉलर! मला हे लोक आवडत नाहीत, पण त्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं हे कबूल करायला हवं.

आपल्यासारख्याने या शर्यतीत हाताने टायपून उतरण्यात अर्थ नाही. बॅकऑर्डर लावायची, म्हणजे पकडणाऱ्या कंपनीला आधीच सांगून ठेवायचं. बहुतेक कंपन्या नाव हाती लागलं तरच पैसे घेतात. काही जण मात्र आगाऊ घेतात, तेव्हा अटी वाचाव्यात. एकाच नावावर दोघांची बॅकऑर्डर असेल तर त्यांच्यात पुन्हा लिलाव. पण माझं मत असं की मराठी नावांना याची फारशी गरज पडत नाही. यंत्रांचा डोळा असतो छोट्या इंग्रजी शब्दांवर आणि ज्यांना बाहेरून भरपूर दुवे आहेत अशा जुन्या नावांवर. छान अर्थाची मराठी नावं पुसली जातात आणि सकाळी चहा घेता घेता नेहमीच्या दरात मिळतात. मी तशी घेतलेली आहेत.

आमच्या भागातल्या दौलताबादचं नाव घ्यायचं तर मात्र सावध. एक तर रोमन स्पेलिंगचा घोळ, जुन्या इंग्रजी पुस्तकांत ते निराळंच दिसतं. दुसरं म्हणजे दौलताबाद काही आपल्या एकट्याचं नाही. इराणात याच नावाची कितीतरी गावं आहेत, आणि यझ्द शहरातली दौलताबाद बाग तर युनेस्कोच्या यादीतल्या इराणी बागांपैकी एक. तुमच्यासमोर बोली लावणारा खुलताबादचा आहे की यझ्दचा, हे पडद्यावर कळत नाही. औरंगाबादचंही तेच, बिहारमध्ये त्याच नावाचा अख्खा जिल्हा आहे.

या भागात नावं बदलायची परंपरा जुनी. यादवांची देवगिरी तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबाद केली. मलिक अंबरने वसवलेली खडकी पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद. २९ जून २०२२ ला मंत्रिमंडळाने ‘संभाजीनगर’ मंजूर केलं आणि १६ जुलैला नव्या सरकारने त्या नावाआधी ‘छत्रपती’ जोडलं. मधल्या अडीच आठवड्यांत ज्याने घाईने नावं नोंदवली असतील, त्याला जुलैत पुन्हा खिशात हात घालावा लागला असणार. पूर्ण नाव रोमनमध्ये चोवीस अक्षरांचं होतं, तेही पहिल्या शब्दात दोन ‘एच’ धरले तर. त्याच सप्टेंबरात दौलताबाद किल्ल्याचं नाव देवगिरी करणार असं पर्यटनमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी जाहीर केलं. अशी घोषणा झाली की नवी नावं धडाधड नोंदली जातात हे सगळ्यांना दिसतं. जुनी नावं वर्षा-दोन वर्षांनी गुपचूप सुटू लागतात, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

आणि तिथेच धोका आहे. जुनं नाव सोडलं तरी त्या पत्त्यावर मेल येतच राहतात. बँकेचे, गिऱ्हाइकांचे, पासवर्ड बदलण्याचे. २०२४ मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी डॉट मोबी रजिस्ट्रीने सोडून दिलेलं एक जुनं नाव २० डॉलरला उचललं. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे लाखो चौकश्या येऊन थडकल्या, कारण जगभरातल्या यंत्रांमध्ये अजून जुनाच पत्ता भरलेला होता. म्हणून दुकानाची पाटी बदललीत तरी जुनं डोमेन निदान पाच-सात वर्षं भरत राहा.

घेणाऱ्यानेही नावाची पूर्वपीठिका तपासावी. इंटरनेट अर्काइव्हवर त्या पत्त्यावर पूर्वी काय होतं ते दिसतं. मधल्या काळात तिथे जुगाराचं पान असेल तर हात लावू नये. जुन्या नावाच्या पुण्याईवर भलताच मजकूर वर आणणाऱ्यांना गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅममध्ये धरलंय. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असेल तर नाव सुटलेलं असूनही तुमच्या हातून जाऊ शकतं. रेडिफच्या नावाशी एका अक्षराने खेळणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रोखलं होतं. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद व्यवस्था आहे.

गेल्या सीताफळांच्या हंगामात किल्ल्याच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने मला थांबवलं. “सर, आमच्या नावावर कोणी चिनी माणूस बसलाय का हो? वेबसाइट उघडली की भलत्याच जाहिराती यायच्या, आता तर ती उघडतच नाही.” तिथेच बाकावर बसून मोबाइलवर नोंद काढली. स्थिती दाखवत होती रिडेम्प्शन. चिनी वगैरे कुणी नव्हता, नाव अजून त्यांचंच होतं. नोंदणी भाच्याच्या मित्राने कॉलेजात असताना करून दिलेली, त्याच्याच कॉलेजच्या मेलवर. तो मेल पास होताच बंद झालेला, सगळ्या सूचना तिकडेच गेल्या. भाचा पुण्यात, मित्र बंगळुरात. फोनाफोनी झाली, मित्राने खात्यात शिरून दंडासकट पैसे भरले आणि मालकाचा मेल आणि मोबाइल नंबर घातला. दंड ऐकून ढाबेवाले जरा चरफडले.

“आता एकदाच काय ते भरून टाकू,” ते म्हणाले. “कायमचं करता येतं का?”

“दहा वर्षं. त्याच्या पुढे नाही.”

त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “पप्पा, मग देवगिरीचंही बघू का, सुटलंय का ते?” आणि त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला.